पंधरा हजारांत घरी वाजवायला काय घ्यावं: कीबोर्ड, पेटी की डिजिटल पियानो?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मनीषनगरात टू बीएचके फ्लॅट. नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात कीबोर्ड पाहून आली आणि तेव्हापासून मागे लागली आहे. सासूबाई भजनी मंडळात गातात, त्यांनाही सुराला काहीतरी हवं आहे. बजेट १५ हजार, ताणलं तर १८. सीताबर्डीत दोन दुकानं फिरून झाली. एकाने सहाशे आवाजांचा कीबोर्ड दाखवला, दुसऱ्याने पेटीच घ्या म्हटलं, आणि नात्यातल्या कोणीतरी ठासून सांगितलं की घ्यायचाच तर ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, बाकी सगळं खेळणं.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. तुमच्या घरासाठी ६१ पूर्ण मापाच्या पट्ट्यांचा, बोटाच्या वेगानुसार आवाज लहान-मोठा होणारा कीबोर्ड घ्या. पैसे पट्ट्यांवर खर्च करा, आवाजांच्या यादीवर नको. सहाशे आवाजांपैकी मुलगी वर्षभरात पाच-सहा वापरेल. पट्ट्यांवर मात्र तिची बोटं रोज असतील, आणि पहिल्या वर्षात बोटांना जी सवय लागते ती पुढे सहज सुटत नाही. पेटी आणि कीबोर्ड शिकवताना मी हे सतत पाहत आले आहे.

आता पट्टीचं माप. पियानोवर सात पांढऱ्या पट्ट्या मिळून, म्हणजे एक सप्तक, सुमारे १६.५ सेंटिमीटर रुंद असतं. दुकानात जाताना मुलीच्या कंपासपेटीतली मोजपट्टी सोबत न्या आणि सात पांढऱ्या पट्ट्या मोजा. १६ च्या बरंच खाली माप आलं तर त्या मिनी पट्ट्या. चार-पाच हजारांत मिळणारे ३२ किंवा ४४ पट्ट्यांचे छोटे कीबोर्ड बहुतेक असेच असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला खेळायला ते छान आहेत. पण नऊ वर्षांच्या मुलीने त्यावर वर्षभर मेहनत केली, की मोठ्या वाद्यावर बसल्यावर तिचा अंगठा दरवेळी चुकीच्या जागी पडतो. हाताला अंतराची जी ओळख झालेली असते, ती पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. गुंडाळून ठेवायचे रबरी पियानो तर शिकण्याच्या विचाराने घेऊच नका.

दुसरी गोष्ट टचची, आणि इथेच सगळ्यात जास्त लोकांची निवड चुकते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. एकाच कंपनीचे दोन कीबोर्ड शेजारी ठेवले तर रंग, पट्ट्या, आकार जवळजवळ सारखे. पण एकात पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. दुसऱ्यात हळू दाबली तर सूर हळुवार, जोरात दाबली तर ठसठशीत. टच असलेल्या वाद्यात प्रत्येक पट्टीखालच्या रबरी घुमटीत दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना ते एकामागून एक जुळतात आणि त्या दोहोंमध्ये किती वेळ गेला हे यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट वेगाने आलं, म्हणून आवाज मोठा. यमाहाच्या पीएसआर-ई२७३ मध्ये ही सोय नाही, ई३७३ मध्ये आहे. पुढच्या पिढीतही तसंच: ई२८३ मध्ये नाही, ई३८३ मध्ये आहे. कॅसिओच्या सीटी-एस२०० मध्ये नाही, सीटी-एस३०० मध्ये आहे. किमतीतला फरक काही हजारांचा असतो आणि दुकानदार बजेट ऐकून खालचंच मॉडेल काढून देतो. माझा आग्रह आहे की बाकी कुठेही हात आखडता घ्या, इथे घेऊ नका. टच नसलेल्या वाद्यावर शिकलेल्या मुलांना लहान आवाजात वाजवणं म्हणजे काय हेच कळत नाही. गाण्यातला भाव म्हणजे बराचसा हाच चढउतार, आणि तो नंतर शिकवायला फार कष्ट पडतात.

दुकानात तपासायचं कसं? डेमोचं बटण दाबू देऊ नका. त्यात वाजतं ते कंपनीने आधीच भरून ठेवलेलं गाणं. त्यावरून पट्ट्यांबद्दल काहीच समजत नाही. रिदम बंद करा, पियानोचा साधा आवाज लावा आणि एका बोटाने एकच पट्टी पाच-सहा वेळा दाबा, दरवेळी थोडी जास्त वेगाने. फरक ऐकू आला पाहिजे. न आल्यास टच सेटिंगमधून बंद ठेवलेला आहे का ते विचारा. बऱ्याच मॉडेलांत तो बंद करता येतो. मग डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या, काळ्यासुद्धा, एकेक करून दाबा. एखादी खरखरते का, वर यायला वेळ लावते का, शेजारणीला घासते का ते पाहा. सीताबर्डीच्या गर्दीत स्पीकरचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन घरून न्या. या किमतीतल्या कीबोर्डचे स्पीकर साधारण अडीच-अडीच वॅटचे असतात. हॉलमध्ये बसून वाजवायला तेवढे पुरतात, सोसायटीच्या गणपतीत पुरणार नाहीत.

एकाच वेळी किती सूर वाजू शकतात हा आकडाही दुकानदार सांगेल. ४८ असले तर तुमच्या मुलीला पुढची काही वर्षं काही कमी पडणार नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा, कारण भजनाला साथ हे या निवडीतलं खरं अवघड कलम आहे. त्यांचा सूर कोणता ते आधी पाहा. त्या मंडळात पेटीवर कुठून गातात ते विचारा. पांढरी पाच, काळी चार असं काहीतरी त्या नक्की सांगतील, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या किंवा चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. मुलीचा गळा बहुधा काळी चार-पाचच्या आसपास बसेल. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाची सोय असते, तिने सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर किंवा खाली सरकवता येतात. सासूबाईंना पांढरी पाच हवी असेल तर ट्रान्सपोज उणे ५ करा. मग पांढऱ्या एकवर बोट ठेवलं की पांढरी पाच वाजते आणि सगळं भजन सोप्या पट्ट्यांवरून निघतं. काळी चारसाठी उणे ४. आवाज फार खालचा वाटला तर एक सप्तक वरून वाजवायचं.

ही सोय सासूबाईंनी खुशाल वापरावी. मुलीला मात्र पहिली दोन वर्षं वापरू देऊ नका. काळी चारला सा धरून सरगम वाजवताना बोटं अडखळतात, पण त्याच अडखळण्यातून बाराही सुरांची जागा हाताला कळते. ट्रान्सपोजवर वाढलेली मुलं पांढऱ्या एकच्या बाहेर पडली की हरवतात. शिवाय वाजवून झालं की ट्रान्सपोज शून्यावर आणायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. आजीचा उणे ५ तसाच राहिला आणि नातीने शिकवणीला ऑनलाइन वाजवलं, की शिक्षकांचा आणि तिचा सूर जुळत नाही आणि दोघंही कारण शोधत बसतात.

तानपुरा, तबला आणि आपले ताल असलेले खास भारतातले कीबोर्डही आहेत. यमाहाचा पीएसआर-आय५०० आणि कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन ही त्यातली नावं. आजीच्या रियाजाला तानपुरा, केरवा-दादरा हाताशी असणं खरंच उपयोगाचं. पण आय५०० तुमच्या बजेटच्या बराच वर जातो आणि तानपुरा-तबल्याची चांगली अॅप फोनवर मिळतात. त्यामुळे तुमच्या जागी मी असते तर फक्त भारतीय आवाजांसाठी पाच-सात हजार वाढवले नसते. तेच पैसे चांगल्या स्टँडला आणि सूर लांबवणाऱ्या पायाच्या पेडलला लावले असते.

एक गोष्ट लक्षात असू द्या. कीबोर्ड असो की पेटी, बाराही सूर ठरलेल्या ठिकाणी बसवलेले असतात. दोन सुरांच्या मधली जागा, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (सुराचं हळू हेलकावणं) त्यात नाही. सीटी-एस३०० ला सूर वळवायचं चाक आहे, पण ते भजनाच्या साथीला वापरणं वेगळं कौशल्य आहे. याच कारणावरून पेटीला आपल्याकडे मोठा विरोध झाला होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. बंदी गेली, पण त्यामागची शंका शास्त्राला धरून होती. म्हणून मुलगी गायलाही शिकणार असेल तर गळा तानपुऱ्यावर लावू द्या आणि कीबोर्ड साथीला ठेवा.

मग पेटीच का नको? दुसऱ्या दुकानदाराने चुकीचं सांगितलं असं मी म्हणणार नाही. घरात फक्त सासूबाई असत्या तर मीही पेटीच सांगितली असती. पेटीचा श्वास गाण्याला जसा धरतो तसा कीबोर्डच्या हार्मोनियम-आवाजाला धरता येत नाही. भात्यावरचा हात सुराला जिवंत ठेवतो. पण तोच हात भात्यात अडकल्यामुळे पेटी एकाच हाताने वाजते. मुलीला शाळेत पाहिलेलं वाजवायचं आहे, म्हणजे उजव्या हाताने धून आणि डाव्याने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर. ते पेटीवर शिकता येणार नाही. शिवाय १५ हजारांत पेटी मिळते, पण त्या भावात स्केल चेंजर घेऊ नका. स्केल चेंजरमध्ये सा बदलता यावा म्हणून पट्ट्यांचा सगळा सांगाडा सरकतो. त्याचं काम पक्कं नसेल तर काही महिन्यांत सांधे ढिले होतात आणि हवा गळू लागते. या बजेटमध्ये साधी, स्थिर पट्ट्यांची, तीन-साडेतीन सप्तकांची, चांगल्या पितळी सुरांची (म्हणजे आत आवाज देणाऱ्या पात्यांची) पेटी कधीही बरी.

कोणी पेटी घेणारच असेल तर नागपूरच्या हवेचा विचार करून घ्यावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, चामड्याच्या पट्ट्या कडक होतात, सांध्यांतून हवा निसटते. त्यावर आपण घरात कूलर लावतो. बाहेरच्या कोरड्या हवेतून आलेली पेटी कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवली की लाकूड पुन्हा फुगतं आणि एखादी पट्टी दाबलेलीच राहते. मग जून-जुलैत पावसाची दमट हवा, त्यात पितळी सुरांवर हिरवट थर धरतो आणि सूर उतरतो. म्हणून पेटी घरातल्या आतल्या भिंतीला, कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. वर सुती कापड घाला, प्लास्टिक नको, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. आणि वाजवत राहा. महिनोन्महिने बंद राहिलेली पेटी वापरातल्या पेटीपेक्षा लवकर बिघडते.

विकत घेताना भाता भरा, स्टॉप म्हणजे समोरच्या ओढायच्या खुंट्या उघड्या ठेवा (सतत एकच सूर धरणाऱ्या मात्र बंद), एकही पट्टी दाबू नका आणि हवा किती वेळ टिकते ते पाहा. भाता लगेच बसला किंवा पट्टी न दाबता बारीक सूर येत राहिला तर हवा गळते आहे. मग अगदी हळू भाता मारत एकेक पट्टी दाबा. हलक्या हवेलाही सूर लगेच बोलला पाहिजे. शेवटी मध्य सा आणि तार सा एकत्र धरा. आवाजात वाव-वाव अशी लहर आली तर ते सूर मिळालेले नाहीत. गुजरातमधल्या पालिताण्याच्या सुरांना चांगलं नाव आहे, त्यामुळे विक्रेता ते नाव घेतोच. तुम्ही नावापेक्षा कानावर विसंबा.

नात्यातल्या मंडळींच्या ८८ पट्ट्यांबद्दल. यमाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११०, रोलँड एफपी-१० ही सुरुवातीची नावं. त्यांच्या पट्ट्यांत खऱ्या पियानोसारखी हातोडीची यंत्रणा असते. पट्टीला वजन असतं, डावीकडच्या जड आणि उजवीकडच्या हलक्या. पाश्चात्त्य पियानो गंभीरपणे शिकायचा असेल तर त्यांना पर्याय नाही, आणि हलक्या पट्ट्यांवर तयार झालेली बोटं पियानोवर खरोखर थकतात. तेवढ्यापुरतं ते नातेवाईक बरोबर आहेत. पण या वाद्यांची किंमत साधारण ४० हजारांच्या आसपास सुरू होते, वजन १०-१२ किलो, आणि जागा कायमची द्यावी लागते. आजीच्या भजनाला उपयोगी ताल त्यांत जवळजवळ नसतात. मुलगी पुढे कोणती परीक्षा देईल यावरही हे ठरतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या परीक्षा पियानोच्या परीक्षांपासून वेगळ्या आहेत, त्याला ६१ पट्ट्यांचा टच असलेला कीबोर्ड चालतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत पेटी हा स्वतंत्र विषय आहे. तेव्हा शिकवणी आधी ठरवा, शिक्षक काय शिकवणार आहेत ते विचारा आणि मग दुकानात जा. लोक नेमकं उलट करतात.

मिडी कंट्रोलर स्वस्त दिसतो म्हणून कोणी सुचवेल. त्याला स्वतःचा आवाज नसतो. संगणक किंवा टॅब जोडल्याशिवाय तो मुका आहे. तुमच्यासाठी नाही.

बजेट करताना वाद्याच्या किमतीत बाकीचं धरा. डब्यात अडॅप्टर आहे का ते विचारा. नसेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला सांगितलेला घ्या. घरातला जुना कुठला तरी चार्जर पिनला बसतो म्हणून लावू नका, कारण व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू दोन्ही जुळावं लागतं, नाहीतर सर्किट जळू शकतं. एक्स आकाराचा स्टँड हजार-दीड हजारात येतो. तो उघडून हलवून पाहा, डुगडुगणारा नको. मुलगी खुर्चीवर बसल्यावर कोपर आणि पट्ट्या साधारण एका उंचीवर आल्या पाहिजेत. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पलंगावर कीबोर्ड टाकून वाजवणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. मनगट वाकतं, पाठ वाकते, आणि गादीत वाद्य कलतं. सासूबाईंना मांडी घालून बसायचं असेल तर चौरंगावर ठेवा, तो आपल्याकडचा उत्तम उपाय आहे. सस्टेन पेडल पहिल्या सहा महिन्यांत लागणार नाही. घ्याल तेव्हा कीबोर्ड बंद असताना जोडा आणि मग सुरू करा, नाहीतर काही पेडल उलटं काम करतात: पाय उचलला की सूर लांबतो. हेडफोनचं भोक जाड आहे की फोनसारखं बारीक ते पाहून ठेवा, जाड असेल तर छोटा जोड लागतो. फ्लॅटमध्ये हेडफोन फार कामाचा, पण मुलीला रोज थोडा वेळ उघड्या आवाजात वाजवू द्या. घरात कोणी ऐकतंय हे तिला कळलं पाहिजे.

जुना कीबोर्ड हा तुमच्यासाठी चांगला मार्ग आहे. दहावीचं वर्ष आलं की शिकवण्या बंद होतात आणि बरीच वाद्यं विकायला निघतात, त्यामुळे दहा-बारा हजारांत वरच्या दर्जाचं मॉडेल मिळू शकतं. तपासणी मात्र कसून करा. आवाज लहान ठेवून प्रत्येक पट्टी दाबा. एखादी एकदम दणकन वाजत असेल किंवा कधी वाजते, कधी नाही असं होत असेल तर आतले रबरी संपर्क झिजले किंवा धुळीने भरले आहेत. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ऐका. बॅटरीचं झाकण उघडा. आत पांढरट किंवा हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर सेल गळले आहेत, ते वाद्य सोडून द्या. अडॅप्टरची पिन हलवून पाहा, वीज तुटता कामा नये. कीबोर्ड घरात कुठे ठेवलेला असतो हेही सहज विचारा. वर्षानुवर्षं कूलरसमोर ठेवलेल्या वाद्याचे संपर्क गंजलेले असण्याची शक्यता जास्त.

घरी आणल्यावर तुम्हीही तीच काळजी घ्या. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर अर्धा तासही नको, एप्रिल-मेमध्ये बंद गाडीतल्या उष्णतेने प्लास्टिकच्या पट्ट्या वाकू शकतात. मृगाच्या सरी सुरू झाल्या आणि विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा.

तर तुमच्यासाठी: नवा घ्यायचा तर ई३८३ किंवा सीटी-एस३००, जो हाताला बरा लागेल तो. बिलावर दुकानाचा शिक्का घ्या, वॉरंटीत दुरुस्ती नागपुरातच होते की बाहेर पाठवावी लागते ते आधीच विचारा, आणि डबा थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळ्या पट्ट्या घरच्या शांततेत पुन्हा एकदा तपासा. दुकानाच्या गोंगाटात सुटलेली खरखर तेव्हा ऐकू येते आणि बदलून मागायला तीच वेळ असते.